आपल्या ठोक्यांचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी धावणारी मंडळी हल्ली बरीच दिसतात, आणि बहुतेकांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ असतं. पण ठोके जास्त झाले की कमी, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी आपलं हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देतं, ते ठाऊक हवं. २२० मधून वय वजा करा, हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल. ते सरासरीचं आहे. एकेका माणसाचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज वरखाली असतो.

पणजीच्या मळा भागातले आमचे शेजारी निवृत्त शिक्षक, वय ६२. निवृत्तीनंतर धावायला लागले. (दहावी आली की शाळेत खेळाचा तास काढून घेतात, हे मला मुळीच पटत नाही, सर त्या तासासाठी नोकरीभर भांडले.) लेकीनं घड्याळ दिलं. त्यानं हिशेब केला, कमाल ठोके १५८. हलकं धावणं म्हणजे त्याच्या पाऊण हिश्श्यापर्यंत, ११८. सर जरा पळाले की घड्याळ वाजे, मग चालत घरी. "माझं हृदय थकलं रे," म्हणायचे. २००१ साली आलेल्या सूत्रानं, म्हणजे २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करून, १६५ येतात. तेही सूत्रच.

मी म्हटलं, सर, आधी डॉक्टर. ट्रेडमिलवरची तपासणी झाली, परवानगी मिळाली. मग एका सकाळी छातीला ठोके मोजणारा, घड्याळाला जोडलेला पट्टा बांधला. जोरात धावताना मनगटापेक्षा त्याचा भरवसा जास्त. वीस मिनिटं हळू धावून अंग गरम केलं. मग आल्तिनो टेकडीचा चढ: दोन-दोन मिनिटं जोरात वर, चालत खाली. असं दोनदा, आणि तिसऱ्यांदा जीव तोडून. वर पोचल्यावर सर शेवाळलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला टेकले. बोलता येईना. मनगट तेवढं माझ्यासमोर धरलं. १७४! श्वास परतल्यावर पहिलं वाक्य, "म्हणजे मी उगाच चालत होतो?"

१७४ चा पाऊण हिस्सा १३०. आता सर १३० च्या आत निवांत धावतात, गप्पा मारत.

पुन्हा सांगतो, आधी डॉक्टर, मग चढ. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर हे टाळू नका.

आठवडा सरांचाच सांगतो. मंगळवारी जोर: तीन-तीन मिनिटांचे चार टप्पे, कमाल ठोक्यांच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, मध्ये तेवढीच हळू धाव. गुरुवारी आणि शनिवारी हलकं. रविवारी दोनापावलाकडे लांब, पण हलकंच. बाकी विश्रांती. जोर एकच दिवस, लक्षात ठेवा, एकच दिवस. रोज मधल्याच वेगानं दमणारे पुढे सरकत नाहीत, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि एप्रिल-मेच्या दमटपणात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, कारण अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं. तेव्हा ठोके सांभाळा, वेग कमी झाला तर होऊ द्या.