मज्जाव : दारातला शब्द

(दृश्य : पंचवटी, पहाट. काळाराम मंदिराचा दरवाजा, अजून मिटलेला.)

मज्जाव. हिंदीतलं 'मत जाव' मराठीत रुळून झालेला शब्द. जाऊ नको. कुणीतरी दारात आडवा हात धरून कुणाला तरी म्हटलेलं हे अख्खं वाक्यच.

(दृश्य : नाशिकरोड, नोट प्रेसची भिंत. मग देवळाली, लष्करी हद्दीची तार आणि पाटी.)

अशा ठिकाणी पाटीवर असतं 'प्रवेश निषिद्ध'. आम्हीही तारेच्या अलीकडूनच चित्रण केलं. निषिद्ध म्हटलं की जागा दिसते, माणूस दिसत नाही. मनाई नियमाची, बंदी सरकारची. मज्जाव मात्र 'केला' जातो. अमक्याने तमक्याला. वाक्यात दोन माणसं लागतातच. म्हणून या दरवाजापाशी आम्हाला हाच शब्द हवा. 'पूर्वी प्रवेश नव्हता' असं गुळमुळीत बोलून इथे भागत नाही. प्रवेश होता. अस्पृश्य ठरवलेल्यांना तेवढा मज्जाव होता, आणि तो करणारी माणसं याच गावातली होती.

(दृश्य : दरवाजाचा अडसर, जवळून. मग गोदाघाट.)

२ मार्च १९३०. जवळजवळ मैलभर लांब मिरवणूक मंदिराकडे निघाली. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, गावोगावची माणसं जमवण्यात दादासाहेब गायकवाड पुढे. येऊन बघतात तर दरवाजे बंद. मिरवणूक वळली, घाटावर आली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्याच तुकडीत सुमारे सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. उन्हाळा तोंडावर, खाली तापणारा दगड, पाठीमागे बंद दार.

(दृश्य : रामनवमीचा रथ, दोराला लागलेले हात.)

९ एप्रिल, रामनवमी. रथाच्या दोराला दोन्हीकडच्यांनी हात लावायचा, असं ठरलं होतं. रथ भलतीकडेच ओढून नेला गेला. दगडफेक झाली.

सत्याग्रह १९३४ पर्यंत चालला, १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ उजाडलं.

(दृश्य : उंबरा. दरवाजा उघडतो.)

हा उंबरा. मधोमध पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. एक आजी वाकून त्याला हात लावतात, तो कपाळाला नेतात. मागोमाग दप्तर अडकवलेला मुलगा.

(निवेदन थांबते. फक्त घंटेचा आवाज.)