टॅक्स भरला, मग खातं का गोठलं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सतरा वेळा आलाय: "ताई, ३० टक्के टॅक्स घेतात म्हणजे क्रिप्टोला सरकारची मान्यताच ना?" नाही हो! कर कमाईवर लागतो, मान्यतेचा शिक्का मिळत नाही त्यातून.

मूळ नियम पटकन सांगते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं क्रिप्टो एक्सचेंज पीएमएलएखाली, म्हणजे मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले. एफआययूकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारा सरकारी विभाग) नोंदणी, ग्राहकाचं केवायसी, ५ वर्षं नोंदी, संशयास्पद व्यवहाराची खबर. परदेशी कंपन्याही सुटल्या नाहीत, बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. झालं.

आता पी-टू-पी, म्हणजे एका माणसानं थेट दुसऱ्या माणसाला कॉइन विकणं. माझ्या संगमनेरच्या मावसभावानं टेलिग्रामवर कुणा 'राहुल'ला ४०० यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो कॉइन, विकले. बाजारापेक्षा दोन रुपये जास्त दर, स्वारी खूश! आठव्या दिवशी दूध घ्यायला गेला तर यूपीआय चालेना. बँकेत कळलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय. स्टेटमेंट काढलं, तर पैसे पाठवणारं नाव एका बाईंचं. त्या बाईंना कुणीतरी फसवलं होतं, त्यांनी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, आणि पैशाचा माग थेट आमच्या बंधुराजांपर्यंत आला.

म्हणून नाव बघा. चॅटमधलं नाही, बँकेत आलेलं.

चोराच्या बाजूनं विचार करा ना. त्याला रुपये नकोच असतात, ते बँक अडवू शकते. बाईंचे रुपये तुमच्या खात्यात, तुमचे कॉइन त्याच्या वॉलेटमध्ये. तो गेला, रुपयांसकट तुम्ही उरलात.

एक दादा लिहितात, "केवायसी म्हणजे प्रायव्हसीवर घाला." अहो दादा, कागदपत्रं मागतात म्हणून मलाही वैताग येतो, माझा सेल्फी तीनदा नाकारलाय, चष्म्यामुळे! पण नोंदणीकृत एक्सचेंजवर समोरच्याचं केवायसीचं नाव दिसतं, ते खात्यावरच्या नावाशी जुळवता येतं. टेलिग्रामवरच्या राहुलचं काय जुळवणार?

आणि कॉइन घेणारा "वहिनीच्या खात्यावरून पैसे टाकतो" म्हणाला, तर? कॉइन सोडायचे नाहीत. वहिनी खरी असली तरी नाहीत!

मावसभाऊ अजून बँकेत खेटे घालतोय. परवा मला म्हणतो, "पण ताई, दर मात्र झकास मिळाला होता."