‘आप जैसा कोई’ गाताना

नमस्कार मंडळी. संगीतसंध्येसाठी आलेल्या चिठ्ठ्यांत ‘आप जैसा कोई’ यंदाही आहे. तालमी सुरू होण्याआधी त्याविषयी थोडं बोलून घेऊ.

१९८०च्या ‘कुर्बानी’ला संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एवढं एक गाणं बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळूरचा, लंडनमध्ये स्थिरावलेला. १९७४ मध्ये जगभर गाजलेल्या ‘कुंग फू फायटिंग’ या गाण्याचा निर्माता तोच. सिनेमाचा दिग्दर्शक फिरोज खाननं त्याच्यापुढे आणून उभी केली ती कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढणारी नाझिया हसन. सिनेमा लागला तेव्हा ती १५ वर्षांची होती. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान. १९८१ मध्ये नाझियाला पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. इतक्या लहान वयात त्याआधी तो कुणालाच मिळाला नव्हता. (लताबाई आणि आशाबाई, दोघींनीही तोवर आपली नावं स्पर्धेतून काढून घेतली होती, हेही ध्यानात असू द्या.) त्याच वर्षी भाऊ झोहेबसोबतचा ‘डिस्को दीवाने’ अल्बम आला आणि सिनेमाच्या आधाराविना खपला.

आता मुद्द्याचं. हे गाणं बिघडतं ते तयार गळ्यांमुळेच. भावगीताची सवय असली की ‘कोई’वर मुरकी (सुरांचं झटपट छोटं वळण) येते, ओळीच्या शेवटी सूर हलतो, आणि गायिका ठेक्याच्या कणभर मागे पडते. नाझिया यातलं काहीच करत नाही. सूर सरळ, शब्द ठेक्यावर. त्या कोवळ्या, किंचित नाकातल्या आवाजाला पार्श्वगायिकेच्या साच्यात कोंबलं नाही, हे बिद्दूचं खरं शहाणपण. म्हणून पट्टी (गाण्याचा मूळ सूर) चढवू नका. बोलण्याच्या आवाजाच्या जरा वर, बस्स. ओळीचा शेवट लांबवू नका, चटकन तोडा.

ठेका चारचा. बास ड्रम चारही मात्रांवर, स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्यावर, उघडी हायहॅट (झांजांची जोडी) दोन मात्रांच्या मधे. ढोलकी घेतली की नेमकी ती मधली जागा भरते आणि डिस्कोचा कहरवा (आपला नेहमीचा आठ मात्रांचा ठेका) होतो. आमच्या मते या गाण्यात ढोलकीला सुट्टीच द्यावी.

रेकॉर्डवर आवाज दुपदरी वाटतो. मंचावर तसा हवा असेल तर मिक्सरवर २५ ते ३० मिलिसेकंदांचा एकच डिले (आवाजाची किंचित उशिरा येणारी नक्कल) लावा आणि तो मूळ आवाजापेक्षा साधारण ६ डेसिबल खाली ठेवा. ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेलात की दुसरा आवाज सुटा ऐकू येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. शाळेच्या हॉलमध्ये घुमारा आधीच भरपूर असतो, तिथे मिक्सरवरचा रीव्हर्ब (कृत्रिम घुमारा) बंदच बरा.

कराओके ट्रॅक वापरणार असाल तर त्याची पट्टी दोन अर्धस्वरांपलीकडे (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांपलीकडे) खाली-वर करू नका. बेस चिखलासारखा होतो. त्यापेक्षा आपल्या पट्टीतला ट्रॅक शोधा आणि तालमीच्या आधी ध्वनी सांभाळणाऱ्यांकडे द्या.