पाणी जाईल तिकडे

नमस्कार श्रोतेहो. यकृताचा कॅन्सर शेजारच्या निरोगी भागात कसा घुसतो, आणि त्यात शरीरातल्या पाण्याचा काय हात असतो, ते आज सांगतो.

रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी पेशींमधल्या फटींतून सतत वाहत असतं. अगदी संथ, सेकंदाला जेमतेम मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यामुळे आत दाब वाढतो आणि पाणी बाहेरच्या बाजूला सरकतं. आतून बाहेर, एवढं ध्यानात असू द्या.

माझे मामा साक्री तालुक्यातले, शेत पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांत. गावातल्या एकाला हा आजार निघाला, तेव्हा मामांनी मला बांधावरच गाठलं. "गाठले पाय शेतस का रे? मंग ती चालस कशी?" म्हणजे, गाठीला पाय असतात का, मग ती चालते कशी?

म्हसोबापाशी कुंकवाची पुडी होती. सारीत पाणी उभं होतं, त्यात मी चिमूटभर टाकलं. रंग चहूकडे सारखाच पसरला. मग मामांनी दारं फोडलं. पाणी चालू झालं, मी दुसरी चिमूट टाकली. आता लाल रेघ खालच्या अंगालाच धावली, वरचं पाणी नितळ राहिलं. मी म्हटलं, "मामा, हा रंग सोडणारा किडाच असेल, आणि त्याला ओढही याच रंगाची असेल, तर तो कुठं जाईल?"

मामा रेघेकडे बघत म्हणाले, "जठे पानी जास तठे."

 

तर यकृताच्या कॅन्सरची पेशीही तेच करते. सीएक्ससीएल-12 नावाचं रसायन ती स्वतःच सोडते आणि स्वतःच हुंगते. वाहतं पाणी ते रसायन एका बाजूला नेतं, पेशी त्यामागे निघते. म्हणजे पुन्हा आतून बाहेर, निरोगी यकृताकडे. 2015 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे दाखवलं. रसायन ओळखणारा पेशीवरचा रेणू त्यांनी बंद केला, तेव्हा पाणी वाहत असूनही पेशींची घुसखोरी घटली. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत. दवाखान्यातला उपचार अजून दूर आहे.

हाताशी आहे ती हिपॅटायटिस बीची लस. हा विषाणू यकृताच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. बाळ जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पहिला डोस मागून घ्या. आणि बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या शेंगा चटणीला वापरू नका, त्या बुरशीचं विषही यकृतालाच बाधतं.