तेरवीपासून मातीपर्यंत

मंडळी, आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शेती, पाणी आणि संतवाङ्मय हे विषय नेहमी येतात. विमानप्रवासाविषयी कृतज्ञता हा विषय ऐकून संयोजक जरा चमकले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण इथल्या बहुतेकांनी विमान पाहिले आहे ते पऱ्हाटीच्या वावरातून मान वर करून. तरीही विमानाने ज्यांची नाती सांभाळली, त्यांत विमानात कधीच न बसलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि मला बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

या उपकाराचा एक जुना धागा विदर्भातच सापडतो. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरांत परतलेली असत. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यानेच हे जमले. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचावे, यासाठी धावपट्टीवर जागणाऱ्या त्या हमालांची आणि टपाल कर्मचाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

पत्राचे काम आता फोन करतो. परंतु फोनला खांदा देता येत नाही. आपल्याकडे बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाला वडील गेल्याचे कळे, तेव्हा रेल्वेने येईपर्यंत उन्हाळ्यात देह ठेवणे शक्य नसे. पुतण्या अग्नी देई आणि मुलगा थेट तेरवीला उभा राही. बापाचे तोंड पाहिले नाही, ही सल अशी माणसे जन्मभर बाळगत. आता सकाळी निरोप मिळालेला मुलगा विमानाने नागपूरला उतरतो, तिथून गाडी करतो आणि सूर्य मावळण्याआधी मातीला पोहोचतो. विमानाने केलेला सर्वांत मोठा उपकार मला हाच वाटतो, आणि सहलींच्या जाहिरातींत तो कधी दिसत नाही.

अर्थात, ऐनवेळचे तिकीट सर्वांत महाग असते, म्हणजे दुःखाच्या दिवशीच खिसा अधिक कापला जातो. हे मला अजूनही खटकते. ‘उडान’ योजनेत काही जागांच्या भाड्यावर मर्यादा आहे आणि १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमानही सुटू लागले, त्यामुळे पश्चिम विदर्भाला नागपूरचा हेलपाटा थोडा टळला.

राहता राहिल्या आपल्या आज्या. लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू बांधून परदेशी निघालेली आजी चांगली धडधाकट असते, तरीही नातू तिच्यासाठी चाकाची खुर्ची मागून ठेवतो, कारण तिला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत आणि दोन विमानांच्या मधली वाट तिला एकटीने सापडणार नसते. खुर्ची ढकलणाऱ्या पोरांना हे पक्के ठाऊक असते. ती पोरे तिला तपासणीतून पार नेतात, कागद दाखवतात आणि दारापर्यंत सोडतात. आजी मात्र त्यांना लाडू दिल्याशिवाय सोडत नाही.