सगळी मेख झाकणात

[दृश्य: नितळ टाकी. परीक्षानळीत पाणी, त्यात थेंब पडतात.]

माशांच्या टाकीतलं पाणी आरशासारखं नितळ आहे. तरी अमोनिया तपासायचे थेंब टाकलेल्या नळीतला रंग बघा, पिवळ्याचा हळूहळू हिरवा होतोय. म्हणजे पाण्यात अमोनिया आहे. तो माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. डोळ्यांना तो दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो.

त्याला संपवतात ते जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू कशाला तरी चिकटून राहतात, त्यामुळे त्यांना भरपूर पृष्ठभाग हवा आणि प्राणवायू असलेलं वाहतं पाणी हवं. आज आपण घरीच बनवतोय तो कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, हे आधी त्यांचं घर. गाळ अडवणं नंतरचं.

[दृश्य: जाड पीव्हीसी पाइप, एंड कॅप, आट्यांचं झाकण.]

पाइपचं खालचं तोंड सॉल्व्हंट सिमेंट लावून कायमचं बंद केलंय. वर आट्यांचं झाकण. हा डबा टाकीच्या खाली राहील. टाकीतलं पाणी नळीवाटे आपसूक खाली उतरतं, डब्याच्या तळाशी शिरतं, थरांमधून वर चढतं आणि झाकणाखालचा छोटा पंप ते परत टाकीत सोडतो. आतली सगळी हवा निघून गेली की उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. पंपाला झगडावं लागतं ते फक्त घर्षणाशी, म्हणून लहान पंपही पुरतो. 100 लिटरच्या टाकीला ताशी 400 ते 600 लिटर पाणी फिरायला हवं. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या पंपाचा असतो, स्पंज भरल्यावर तो बराच उतरतो. पंप थोडा मोठाच घ्या.

आता झाकण. सगळी मेख इथे आहे.

टाकीतली पाण्याची पातळी झाकणापेक्षा 1 मीटर उंच असेल, तर झाकणाच्या दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 100 ग्रॅम वजनाइतका दाब येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 20 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर तो मिळून होतो सुमारे 31 किलो, आणि तोही आतून वर ढकलणारा, रात्रंदिवस. स्वयंपाकघरातल्या डब्याचं झाकण हाताला कितीही घट्ट लागलं तरी इथे टिकत नाही. माझा पहिला फिल्टर तशाच डब्याचा होता. रात्री खणखणीत कोरडा होता, सकाळी खोलीभर पाणी.

[दृश्य: ओ-रिंगची खाच, अगदी जवळून.]

या खाचेतून बोट फिरवा. वाळूचा एक कण राहिला तरी तिथून थेंब वाट काढतो. खाच पुसून घ्यायची, तिच्यात बसणाऱ्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा, मगच झाकण आवळायचं. नळ्यांसाठी टँक निपल (भोकात आवळून बसवायचा आट्यांचा जोड) आणि रबरी वायसर, पंपाच्या वायरसाठी केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट आवळली जाणारी बूच). भोकं सिलिकॉन सीलंटने बुजवायचा मोह होतो, पण तो काचेला जसा धरतो तसा पीव्हीसीला धरत नाही.

आत आधी जाड स्पंज, मग बारीक, त्यावर सिरॅमिक रिंग. रिंगांच्या छिद्रांत जिवाणूंची वस्ती व्हायची आहे, ती गाळाने बुजली तर काय उपयोग!

जोडलेला फिल्टर 24 तास कोरड्या घमेल्यात चालवून बघा, खाली कागद अंथरून. वायर प्लगपर्यंत न्यायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. वीज काही तास गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि आतलं पाणी सडू लागतं. ते टाकीत न सोडता ओतून द्या. स्पंज धुवायचा तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

टाकीला आधीपासून लावलेला जुना फिल्टर लगेच काढू नका. नव्यात वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही चालू द्या.

[दृश्य: जुना फिल्टर काढून आठ दिवस झालेत. पुन्हा तीच परीक्षानळी.]

थेंब पडले. पाच मिनिटं झाली. पाणी पिवळंच आहे.