तापीकाठचे कागद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

मंडळाची कार्यकारिणी आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. खान्देशातून आलेल्यांना वेगळा राम राम.

मी कोलाज करते. कागद फाडते, कापते, चिकटवते आणि त्यातून तापीचं खोरं उभं करते. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली, हा इतिहास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचं आहे ते खान्देशाला हे माध्यम का लागतं याबद्दल.

पूर्वी मी जलरंगात निसर्गचित्रं काढायची. आधी डोंगर, मग नदी, मग शेतं, आणि जागा उरली तर शेवटी एखादी बैलगाडी. धुळ्याच्या एका आजींनी ती चित्रं बघून विचारलं, "यामा मानसे कोठे शेतस?" म्हणजे, यात माणसं कुठे आहेत? त्यांचा प्रश्न रास्त होता. खान्देशात माणसाचा हात न लागलेली जमीन शोधावी लागते. रावेर-यावलकडचा केळीचा पट्टा घ्या. सातपुड्याच्या पायथ्याची ती हिरवाई विहिरींच्या पाण्यावर आणि मजुरांच्या कष्टांवर उभी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, यावर त्या महिन्यातला हिरवा रंग ठरतो.

याहून बोलकं उदाहरण पांझरा नदीचं आहे. साक्री-धुळ्याच्या बाजूला नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पडतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचं ते गाव मिळून ठरवतं, आणि दरवर्षी पिकं फिरतात. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत असतो, त्यामुळे पाणी कमी पडलं तर तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. काही शतकं हे चाललं. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. टेकडीवरून दिसणारे ते रंगांचे चौकोन म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द होता. तो शब्द मोडला की चौकोनही विस्कटतात. हे मला कुंचल्याने दाखवता येईना. कागदाला मात्र कड असते, आणि दोन कडा जिथे भिडतात तिथे दोन माणसांमधला करार दिसू शकतो.

म्हणून माझ्या शेतांना मी शेताचेच कागद लावते. बाजार समितीच्या काटापावत्या, कपाशीच्या बियाण्यांची पाकिटं, सातबाऱ्याच्या छायाप्रती. सातबारा हा तर तयार दस्तऐवज आहे: नमुना सातवर जमीन कोणाची ते, नमुना बारावर त्यात काय पिकलं ते. माणूस आणि माती एकाच पानावर. नावं मी झाकते, पिकांचे रकाने उघडे ठेवते. केळीचं वाळलेलं सोपट दाबून सपाट केलं की त्याला जो तपकिरी येतो तो कुठल्या ट्यूबमध्ये मिळत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, म्हणून तो उजेडात पिवळा पडत जातो. वैशाखातल्या रानांसाठी मी मुद्दाम तोच घेते. चित्राचं वय वाढेल तसं रान तापत जाईल. चिकटवायला बाइंडरांची खळ, मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही.

सगळ्यात अवघड काम नर्मदाकाठचं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. भिल्ल-पावरा लोकांची गावं. मणिबेली त्यांतलंच. आज तिथला फोटो काढला तर सुंदर निळं पाणी आणि हिरवे डोंगर दिसतात, आणि तोच फोटो भिंतीवर लागतो. मला तसा निळा नको होता. मी आधी घरं, वाटा, शेतं, मोहाची झाडं सगळं नीट चिकटवते आणि त्यावर निळा पतंगाचा कागद ओला करून अंथरते. तो पाण्याने रंग सोडतो आणि खालच्या कागदात उतरतो. खालचं गाव फिकट दिसत राहतं. त्या कामात मी घाई करत नाही. प्रत्येक घर कापूनच लावायचं, एकही छापायचं नाही.

चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण इथे काढायलाच हवी. १९८९ साली गेलेला हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं स्टेशनजवळच्या आपल्या घरातून बाहेर पडला नाही, पण टेबलावर वस्तू मांडून, उजेड जुळवून त्याने दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो टिपले. देखावा रचता येतो हे त्या टेबल-टॉप छायाचित्रांनी मला शिकवलं. कोणी गावी जाल तेव्हा त्यांचं घर बघून या.

आता मी तापीचं पूर्ण खोरं एका चित्रात करते आहे. त्यासाठी तुमच्याकडून कागद हवे आहेत: गावाकडून आलेली जुनी पाकिटं, बसची तिकिटं, लग्नपत्रिका, बिलं, पावत्या. मूळ कागद देऊ नका, छायाप्रत किंवा स्कॅन पुरे. सातबारा देणार असाल तर आधी घरच्यांना विचारा. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. कागदासोबत त्यात गाव आणि नदी-नाल्याचं नाव लिहा, म्हणजे तो कागद चित्रात आपल्या जागी लागेल.